औषधासाठी झाड किती पुरेल?

मागील अंकात वनस्पतींपासून मिळणाऱ्या औषधांच्या पुरवठ्यावर एक लेख प्रसिद्ध झाला होता. औषधाचा शोध लागणे ही एक गोष्ट आणि ते औषध रुग्णाला वर्षानुवर्षे मिळत राहणे ही अगदी वेगळी गोष्ट, असे त्या लेखाचे सूत्र होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून येथे उत्तरे दिली आहेत. स्वतःच्या आजारावर औषध विचारणारी पत्रेही बरीच आली. परंतु त्यांना या सदरातून उत्तर देणे योग्य होणार नाही.

प्रश्न : वनस्पतीतील गुणकारी घटक कोणता हे कळले आणि त्याची रासायनिक रचना उलगडली, की तो कारखान्यात तयार करता आला पाहिजे. असे असताना आजही टनावारी पाने, साली आणि मुळे का लागतात? – रसायनशास्त्राचे एक निवृत्त शिक्षक

उत्तर : साध्या रेणूंच्या बाबतीत आपले म्हणणे बरोबर आहे. मधुमेहावरील मेटफॉर्मिनचा उगम गॅलेगा ऑफिसिनॅलिस या वनस्पतीतील संयुगांच्या अभ्यासात आहे, पण आज मेटफॉर्मिनच्या गोळीसाठी त्या वनस्पतीचे एक पानही खुडावे लागत नाही. अडचण येते ती गुंतागुंतीच्या रेणूंपाशी. मॉर्फिनचे संपूर्ण संश्लेषण १९५२ मध्येच साध्य झाले. तरीही जगाला लागणारे मॉर्फिन आजही अफूच्या शेतांतूनच येते, कारण प्रयोगशाळेतील लांबलचक प्रक्रियेपेक्षा अफूचे झाड ते काम कितीतरी स्वस्तात करते. २०१५ मध्ये क्रिस्टिना स्मोल्के यांच्या गटाने यीस्टमध्ये जनुकीय बदल करून साखरेपासून याच कुळातील वेदनाशामक बनवून दाखवले. शास्त्र म्हणून ते काम थोरच होते, पण त्या वेळच्या उत्पादनक्षमतेनुसार एका मात्रेसाठी हजारो लिटर यीस्ट वाढवावे लागले असते.

या सगळ्या चढउतारांचे सर्वांत बोलके उदाहरण टॅक्सॉल या कर्करोगावरील औषधाचे आहे, म्हणून ते थोडे विस्ताराने सांगतो. १९६२ मध्ये आर्थर बार्कले या वनस्पतिशास्त्रज्ञाने अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील जंगलातून पॅसिफिक यू या झाडाच्या सालीचे नमुने गोळा केले. मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी त्या सालीतून कर्करोगाच्या पेशी मारणारा घटक वेगळा केला आणि १९७१ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. पुढे १९७९ मध्ये सुसान हॉरविट्झ यांनी तो पेशीविभाजन कसे रोखतो हे दाखवले, आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीस अंडाशयाच्या कर्करोगावर त्याचा उपयोग होतो असे चाचण्यांत दिसू लागले. खरा पेच तेथून सुरू झाला. वाळलेल्या सालीत हा घटक इतका अत्यल्प असतो, की एक किलो औषधासाठी सुमारे १०,००० किलो साल, म्हणजे तीन हजारांच्या आसपास झाडे लागत. यू अतिशय सावकाश वाढतो, आणि बुंध्याची साल सोलली की झाड मरते. एका बाजूला दुसरा उपाय नसलेल्या रुग्ण स्त्रिया आणि दुसऱ्या बाजूला जुनी जंगले, असा तो वाद होता, आणि दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे होते.

तोडगा पानांतून निघाला. फ्रान्समध्ये प्येर पोतिए यांच्या गटाला युरोपीय यूच्या सुईसारख्या पानांत टॅक्सॉलचा जवळजवळ अर्धा घडलेला सांगाडा सापडला. एक किलो पानांतून तो ग्रॅमभर मिळतो. पाने खुडली तरी झाड जगते आणि पुन्हा फुटते. या सांगाड्याला उरलेली रासायनिक जोड देऊन टॅक्सॉल बनवण्याची पद्धत फ्लोरिडातील रॉबर्ट हॉल्टन यांनी व्यवहार्य केली, आणि १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत रानातली साल सोलण्याची गरज संपली. याच काळात, १९९४ मध्ये, दोन गटांनी टॅक्सॉलचे संपूर्ण संश्लेषणही पूर्ण केले. चाळीसच्या आसपास पायऱ्यांची ती प्रक्रिया पाठ्यपुस्तकांत मानाने शिकवली जाते. औषधाच्या कुपीत मात्र ती कधी उतरली नाही. त्यापुढचा टप्पा म्हणजे यूच्या पेशी मोठ्या टाक्यांत वाढवून त्यांच्याकडूनच औषध करवून घेणे. आज पाने आणि टाक्यांतील पेशी या दोन्ही मार्गांनी पुरवठा होतो.

ही कहाणी येथे संपली असती तर बरे झाले असते. पानांना भाव आल्यावर हिमालयातील आणि चीनमधील यूच्या जातींवर कुऱ्हाड आली, कारण तेथे लागवडीची व्यवस्था नव्हती आणि पाने खुडण्याऐवजी फांद्या, प्रसंगी झाडेच तोडली गेली. हिमालयातील यू १९९५ पासून वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या साइटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. पुरवठ्याचा प्रश्न सुटला, असे जेव्हा एखादी कंपनी सांगते तेव्हा तो भार कोणत्या दुसऱ्या झाडावर गेला हे विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे, असे मला वाटते.

प्रश्न : हिवतापावरील आर्टेमिसिनिन आता यीस्टपासून बनते असे वाचले होते. मग त्यासाठी अजून शेती का करतात? यीस्टचा प्रयोग फसला का? – कृषी पदवीचा एक विद्यार्थी

उत्तर : प्रयोग फसला नाही, बाजारात टिकला नाही, आणि या दोहोंतील फरक समजून घेण्यासारखा आहे.

आर्टेमिसिया ॲन्युआ ही दवण्याच्याच प्रजातीतील वर्षायू वनस्पती. चीनमधील हिवतापावर औषध शोधण्याच्या '५२३ प्रकल्पा'त तू योयो यांनी १९७१च्या सुमारास तिच्यातून कमी तापमानाला, ईथरच्या साहाय्याने हिवतापरोधक अर्क काढला; त्या कामासाठी त्यांना २०१५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आर्टेमिसिनिनवर आधारित संयुक्त उपचारांची शिफारस केली, आणि काही वर्षांतच मागणी इतकी वाढली की कच्च्या मालाचा भाव किलोमागे हजार डॉलरच्या वर गेला. भाव पाहून चीन, व्हिएतनाम आणि पूर्व आफ्रिकेतील शेतकऱ्यांनी मोठ्या प्रमाणावर लागवड केली. पेरणीपासून गोळी तयार होईपर्यंत वर्ष-सव्वा वर्ष लागते, त्यामुळे हे सगळे पीक बाजारात आले तेव्हा गरजेपेक्षा जास्त माल झाला आणि २००७ मध्ये भाव दोनशे डॉलरच्या आसपास कोसळला. पोळलेले शेतकरी या पिकापासून दूर गेले. पुन्हा टंचाई, पुन्हा भाववाढ. कांद्याच्या भावाचे चक्र ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे नवे वाटणार नाही. फरक एवढाच, की येथे टंचाईची किंमत हिवताप झालेली मुले मोजतात.

हा झोका थांबवावा म्हणून अमेरिकी शास्त्रज्ञ जे कीसलिंग यांच्या गटाने यीस्टमध्ये वनस्पतीची जनुके घालून आर्टेमिसिनिक आम्ल बनवले. गेट्स प्रतिष्ठानच्या निधीतून ते काम पुढे गेले आणि २०१३ मध्ये लिटरमागे २५ ग्रॅमपर्यंत उत्पादन गेल्याचे प्रसिद्ध झाले. त्या आम्लावर प्रकाशाची प्रक्रिया करून आर्टेमिसिनिन तयार करण्याचा कारखाना सनोफी कंपनीने इटलीतील गारेसिओ येथे त्याच वर्षी सुरू केला. परंतु तेवढ्यात शेतीच्या आर्टेमिसिनिनचा भाव अडीचशे डॉलरच्या खाली आला होता, आणि यीस्टच्या मालाचा खर्च त्याहून अधिक होता. २०१६ मध्ये कंपनीने तो कारखाना विकून टाकला.

यावरून 'शेतीच बरी' असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत आणि 'शेतीला उगाच जपले' म्हणणारेही आहेत. मला दोन्ही टोके पटत नाहीत. यीस्टचा कारखाना हा शेतीचा स्पर्धक म्हणून उभा केला, तेथेच गणित बिघडले. टंचाईच्या वर्षी चालवायचा राखीव स्रोत म्हणून त्याच्याकडे पाहिले असते, तर नुकसानीच्या वर्षांचा खर्च कोणी सोसायचा हे आधीच ठरवावे लागले असते. आणि तो खर्च कोणत्याही एका कंपनीने सोसावा ही अपेक्षा व्यवहाराला धरून नाही. उलट बाजूने, एकाच प्रदेशावर विसंबून राहण्याचे परिणामही जगाने पाहिले आहेत. १९३०च्या दशकात जगातील नव्वद टक्क्यांहून अधिक क्विनीन जावा बेटावरील सिंकोनाच्या मळ्यांतून येत असे. १९४२ मध्ये जपानने जावा जिंकले आणि दोस्त राष्ट्रांच्या सैन्यांचा क्विनीनचा पुरवठा एका फटक्यात तुटला.

प्रश्न : कर्करोगाच्या औषधांचा तुटवडा पडतो तो औषधी वनस्पती नष्ट होत असल्यामुळेच ना? – एक वाचक

उत्तर : नेहमीच नाही. सदाफुलीपासून मिळणारे व्हिंक्रिस्टीन हे मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरील अत्यावश्यक औषध. २०१९ मध्ये अमेरिकेत त्याचा गंभीर तुटवडा पडला, तेव्हा सदाफुली जगभर बागांतून फुलतच होती. झाले होते ते एवढेच, की तेथे हे औषध पुरवणाऱ्या दोन कंपन्यांपैकी एकीने उत्पादन बंद केले आणि दुसरीचे उत्पादन लांबणीवर पडले. स्वस्त, जुने, पेटंट संपलेले इंजेक्शन बनवण्यात नफा फारसा नसतो, हे त्यामागचे खरे कारण. अर्थात सदाफुलीही औदार्याने देत नाही : त्याच कुळातील व्हिनब्लास्टीनच्या एका ग्रॅमसाठी ५०० किलोहून अधिक वाळलेली पाने लागतात. २०२२ मध्ये यीस्टमध्ये तीसहून अधिक टप्प्यांची साखळी बसवून त्याचे दोन पूर्वघटक बनवले गेले, पण ते अद्याप संशोधनाच्या पातळीवरचे काम आहे.

प्रश्न : रानातून वनस्पती ओरबाडण्यापेक्षा सर्वच औषधी वनस्पतींची लागवड सक्तीची का करत नाहीत? – वनस्पतिशास्त्राच्या एक प्राध्यापिका

उत्तर : प्रश्न सरळ आहे, उत्तर मात्र वनस्पतीचा कोणता भाग काढायचा यावर फिरते. पान, फूल किंवा फळ काढायचे असेल तर रानातूनही मर्यादेत राहून वर्षानुवर्षे काढता येते. मूळ किंवा कंद काढायचा म्हणजे झाडच उपटायचे. जटामांसी हिमालयात तीन हजार मीटरच्या वर सावकाश वाढते आणि तिचे औषध जमिनीखालच्या खोडामुळात असते, म्हणून ती १९९७ पासून साइटीसच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. कुठ या वनस्पतीची गत त्याहून वाईट; १९८५ पासून ती पहिल्या परिशिष्टात, म्हणजे रानातल्या मालाचा आंतरराष्ट्रीय व्यापार जवळपास बंद, अशा यादीत आहे. लागवड होते, पण म्हणून रानातली कुठ परत आली असे झालेले नाही.

सालीचे गणित या दोहोंच्या मधले आहे. प्रूनस आफ्रिकाना या आफ्रिकी वृक्षाच्या सालीचा अर्क वाढलेल्या प्रोस्टेटच्या तक्रारींवर युरोपात दीर्घकाळ विकला जातो. या झाडाची साल पुन्हा धरते, मात्र ती कशी काढली यावर सारे अवलंबून असते. खोडाच्या समोरासमोरच्या दोन बाजूंवरून एकेक चतुर्थांश पट्टा काढायचा, मधले दोन पट्टे जसेच्या तसे सोडायचे, आतल्या ओल्या थराला विळ्याचे टोक लागू द्यायचे नाही आणि पुढची काढणी काही वर्षांनी, आधी सोडलेल्या बाजूंवर करायची, असा नियम कॅमेरूनमध्ये सांगितला जातो. कागदावर तो उत्तम आहे. परंतु साल काढणाऱ्याला पैसे किलोवर मिळतात. डोंगर चढून गेलेल्या माणसाने अर्धी साल झाडावर ठेवून परतावे आणि उद्या दुसऱ्या कोणी येऊन ती न्यावी, यात त्याचे शहाणपण कोणते? झाडे गोल सोलली गेली, उंचावरची साल मिळावी म्हणून पाडलीही गेली, आणि १९९५ पासून साइटीसची देखरेख असूनही २००७ मध्ये युरोपीय संघाला कॅमेरूनहून होणारी आयात थांबवावी लागली. नियम मोडणाऱ्याला दोष देणे सोपे असते. ज्या झाडावर आपला हक्कच नाही ते राखून ठेवण्याची अपेक्षा आपण कोणाकडूनही करू शकत नाही.

लागवडीच्या वाटेतही दोन धोंडे आहेत. पहिला रसायनाचा : औषधी घटक हे पुष्कळदा वनस्पतीने कीड, थंडी, पाण्याचा ताण यांना दिलेले उत्तर असते. खतपाण्यावर पोसलेल्या रोपात तो घटक कमी उतरण्याची शक्यता असते, म्हणून योग्य वाण आणि काढणीची नेमकी वेळ शोधण्यातच संशोधनाची कित्येक वर्षे जातात. दुसरा बाजाराचा : अमेरिकी जिनसेंगची शेती व्यवस्थित होते, तरीही गिऱ्हाईक रानातल्या वेड्यावाकड्या मुळाला अनेकपट भाव देते, आणि त्यामुळे शेती वाढूनही रानातली उपट थांबत नाही. अमेरिकेत निर्यातीसाठी निदान पाच वर्षांचेच रोप काढावे आणि त्याची पिकलेली बी त्याच जागी लावावी अशी अट घालण्यात आली आहे. सक्तीची लागवड मला म्हणूनच अपुरी वाटते. संकलकांवर लागवडीची सक्ती केली तर ज्यांच्याकडे जमीन नाही ते सर्वांत आधी बाहेर फेकले जातील, आणि रानावर ज्यांची रोजची नजर असते तेच नेमके नाहीसे होतील. रानातून माल काढणाऱ्यांसाठी फेअरवाइल्ड हे मानक आहे. त्यात काढणीचे प्रमाण आणि संकलकाचा मोबदला दोन्ही तपासले जातात. त्याची व्याप्ती अजून मर्यादित असली तरी दिशा मला हीच योग्य वाटते.

प्रश्न : वनस्पतिजन्य औषध हे रासायनिक औषधापेक्षा पर्यावरणाला सौम्य असते, असे मानावे का? – पर्यावरण क्षेत्रात काम करणाऱ्या एक वाचक

उत्तर : तपासल्याशिवाय मानू नये. पानातला घटक बाहेर काढायला द्रावक लागते, अर्क शुद्ध करायला आणखी द्रावके लागतात, आणि घटक हजारात एक भाग असेल तर उरलेले नऊशे नव्याण्णव भाग चोथा म्हणून उरतात. रॉजर शेल्डन यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या मोजमापानुसार औषधनिर्मितीत एक किलो मालामागे २५ ते १०० किलो, कधी त्याहूनही अधिक कचरा निर्माण होतो. वजनाने मोठ्या प्रमाणावर होणाऱ्या पेट्रोलशुद्धीकरणात हेच प्रमाण एक किलोच्याही खूप खाली असते. औषधनिर्मितीत वापरल्या जाणाऱ्या पदार्थांच्या वजनात सर्वांत मोठा वाटा द्रावकांचा असतो.

म्हणून सध्याच्या संशोधनाचा मोठा भाग द्रावके बदलण्यावर किंवा टाळण्यावर आहे. कार्बन डायऑक्साइड ३१ अंश सेल्सिअसच्या वर आणि सुमारे ७४ बार दाबाखाली द्रव आणि वायू यांच्या मधल्या अवस्थेत जातो आणि तेलकट घटक सहज विरघळवतो. दाब काढला की तो उडून जातो आणि अर्कात द्रावकाचा मागमूस उरत नाही. त्यासाठी लागणारी उच्च दाबाची यंत्रणा महाग असते आणि पाण्यात विरघळणाऱ्या घटकांना हा उपाय फारसा चालत नाही, हेही सांगितले पाहिजे. दुसरे उदाहरण पुन्हा टॅक्सॉलचेच. पानांतील सांगाड्याऐवजी पेशीसंवर्धनाने औषध बनवू लागल्यावर १० द्रावके आणि वाळवण्याचे ६ टप्पे गळाले, आणि त्या कामाला २००४ मध्ये अमेरिकेचा हरित रसायनशास्त्राचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

प्रश्न : एवढा खटाटोप करण्यापेक्षा मूळ वनस्पतीचाच काढा किंवा चहा घेतला तर झाडेही कमी लागतील आणि खर्चही वाचेल, नाही का? – एक गृहिणी

उत्तर : नाही. जागतिक आरोग्य संघटना हिवतापावर आर्टेमिसियाची पाने, चहा किंवा भुकटी वापरण्याच्या विरोधात आहे, आणि त्याचे कारण केवळ औषधकंपन्यांचे हित हे नाही. पानांतील घटक रोपागणिक, हंगामागणिक बदलतो. गरम पाण्यात तो नीट उतरत नाही. अपुरी मात्रा मिळाली तर रुग्ण बरा होत नाही आणि परजीवी मात्र औषधाला सरावतात. तसे झाले तर ते औषध सर्वांसाठीच निकामी होईल. यूचे तर बहुतेक सर्व भाग विषारी आहेत आणि हृदयावरील औषध देणाऱ्या डिजिटॅलिसच्या पानांत उपचाराची मात्रा आणि विषाची मात्रा यांत फार थोडे अंतर असते. शिवाय जी वनस्पती म्हणून विकली जाते ती तीच असते असेही नाही : १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीऐवजी ॲरिस्टोलोकियाची जात मिसळली गेली आणि शंभराहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली किंवा त्यांना गंभीर इजा झाली. कच्चा माल दुर्मीळ झाला की अशा भेसळीला जोर येतो, म्हणून पुरवठा आणि सुरक्षितता हे दोन वेगळे विषय नाहीत.

प्रश्न : औषधाचा माग ज्यांच्या पारंपरिक ज्ञानातून लागला किंवा ज्यांच्या रानातून कच्चा माल आला, त्यांना प्रत्यक्षात काही मिळते का? – एक वकील

उत्तर : कायद्याची चौकट आहे. १९९२ च्या जैवविविधता करारानंतर नागोया प्रोटोकॉल २०१० मध्ये स्वीकारला गेला आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये अमलात आला. जैविक संपत्ती घेण्यापूर्वी संमती आणि होणाऱ्या लाभात वाटा, ही त्याची दोन कलमे मुख्य आहेत. २०२४ मध्ये जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या सदस्य देशांनी पेटंटच्या अर्जात जैविक साधनाचे मूळ उघड करण्याविषयीचा नवा करारही स्वीकारला.

प्रत्यक्षाचे चित्र मात्र इतके नेटके नाही. कलाहारी वाळवंटातील सान लोक लांबच्या शिकारीवर भूक मारण्यासाठी हुडिया ही निवडुंगासारखी वनस्पती चघळत. दक्षिण आफ्रिकेतील एका सरकारी संशोधनसंस्थेने त्यातील घटकाचे पेटंट घेतले. सान लोकांशी करार झाला तो बऱ्याच टीकेनंतर, २००३ मध्ये. त्यांना स्वामित्वधनातील ६ टक्के मिळायचे होते. पण २००८ मध्ये परिणामकारकता आणि सुरक्षितता यांविषयी शंका आल्याने शेवटच्या मोठ्या कंपनीने हा प्रकल्प सोडला. विकले जाणारे औषधच नसेल तर त्याच्या टक्क्यांना अर्थ उरत नाही. दरम्यान प्रसिद्धीमुळे रानातली हुडिया मात्र बेसुमार उपटली गेली.

मेक्सिकोची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, आणि माझ्या मते अधिक बोधप्रद. १९४०च्या दशकात रसेल मार्कर यांनी तेथील रानटी कंदांतील डायोसजेनिन या घटकापासून प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक बनवले आणि त्यावर स्टेरॉइड औषधांचा एक अख्खा उद्योग उभा राहिला. १९५१ मध्ये पुढे गर्भनिरोधक गोळीत वापरले गेलेले नॉरएथिस्टेरोन मेक्सिको सिटीतच तयार झाले. बार्बास्को नावाचा कंद खणणाऱ्या हजारो शेतकरी कुटुंबांच्या हातात त्या संपत्तीचा अगदी किरकोळ अंश पडत होता. १९७५ मध्ये सरकारने प्रोक्विवेमेक्स ही कंपनी काढून व्यवहार स्वतःकडे घेतला आणि भाव वाढवला. मागणी न्याय्य होती. परंतु बाहेरच्या कंपन्यांकडे तोवर सोयाबीनमधील स्टेरॉलसारखा दुसरा कच्चा माल होता आणि त्या तिकडे वळल्या. लाभाचा वाटा मागणाऱ्याची ताकद पर्यायी स्रोत निघेपर्यंतच असते. म्हणून करार संशोधनाच्या सुरुवातीलाच, आणि केवळ कच्च्या मालाच्या वजनावर नव्हे तर अंतिम उत्पादनावर बांधलेला असावा. कायद्याचे जाणकार म्हणून आपण यात भर घालू शकाल.

प्रश्न : लसींमध्येही झाडाची साल वापरली जाते, असे कोणीतरी सांगितले. यात तथ्य आहे का, आणि असल्यास लसीकरण एखाद्या झाडावर अवलंबून राहणे धोक्याचे नाही का? – एक परिचारिका

उत्तर : तथ्य आहे. मूळच्या चिलीतील किलाया सॅपोनारिया या वृक्षाच्या सालीला पाण्यात चोळले की साबणासारखा फेस येतो. तो फेस सॅपोनिन नावाच्या रेणूंमुळे येतो. त्यांपैकी क्यूएस-२१ हा रेणू शरीराची प्रतिकारशक्ती जागी करतो, त्यामुळे लसीत त्याची अगदी थोडी मात्रा घातली की लसीचा प्रभाव वाढतो. नागिणीवरील शिंग्रिक्स या लसीत आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आफ्रिकेतील मुलांसाठी शिफारस केलेल्या हिवतापाच्या पहिल्या लसीत तो आहे. त्यानंतर आलेल्या हिवतापाच्या दुसऱ्या लसीतही याच झाडाचे सॅपोनिन वेगळ्या मिश्रणात वापरले जाते.

धोक्याचा अंदाज घेताना मात्रा पाहावी. शिंग्रिक्सच्या एका मात्रेत ५० मायक्रोग्रॅम क्यूएस-२१ असते, म्हणजे एका ग्रॅमात २०,००० मात्रा होतात. यूच्या सालीच्या वेळी जो पेच होता त्याच्या मानाने हे प्रमाण फारच दिलासा देणारे आहे. तरी सालीच्या अर्कात एकमेकांसारखे अनेक सॅपोनिन असतात, त्यांतून हा एकच शुद्ध करून काढावा लागतो, आणि हीच साल शीतपेयांत फेस टिकवण्यासारख्या कामांसाठीही जाते. लसीच्या मात्रा कोट्यवधींत जाऊ लागल्या तर आजची व्यवस्था पुरेलच असे गृहीत धरता येत नाही.

त्यामुळे पर्यायांवर काम आधीच सुरू झाले आहे, आणि टॅक्सॉलच्या वेळेपेक्षा ते वेळेवर सुरू झाले, असे म्हणता येईल. इंग्लंडमधील जॉन इनेस केंद्रात ॲन ऑसबोर्न यांच्या गटाने झाडाच्या आत हा रेणू कोणत्या क्रमाने घडतो ते शोधून तंबाखूच्या एका नातेवाईक वनस्पतीत ती साखळी बसवली. कीसलिंग यांच्या गटाने २०२४ मध्ये यीस्टमध्ये ३८ परकी विकरे घालून साध्या साखरेपासून क्यूएस-२१ बनवल्याचे प्रसिद्ध केले. त्याचे प्रमाण अजून फार थोडे आहे. झाडाच्या पेशी टाकीत वाढवून त्यांच्यापासून हा रेणू मिळवण्याचे प्रयत्नही चालू आहेत. तूर्त तरी लशीच्या कुपीतील हा घटक चिलीतील झाडांच्या सालीतून येतो, आणि तेथील झाडे किती छाटायची, किती राखायची याचा हिशेब लसीकरणाच्या नियोजनाचाच भाग मानावा लागेल.